केराचा आठवडा

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु देशाटनाचेही प्रकार आहेत. यात्रेकरू जातो तो देवासाठी, व्यापारी जातो तो नफ्यासाठी, आणि हौशी प्रवासी जातो तो पाहण्यासाठी व पाहिलेले चारचौघांत सांगण्यासाठी. या सर्वांहून निराळा असा एक प्रवासी गेल्या शंभर वर्षांत पुढे आला आहे. तो म्हणजे विनिमय-विद्यार्थी. एखाद्या सत्रापुरता किंवा फार तर वर्षापुरता तो दुसऱ्या देशातील विद्यापीठात जातो, तेथील वर्गात बसतो, तेथील लोकांच्या घरात भाड्याने राहतो आणि परत येतो. तो पाहुणा नसतो, कारण त्याला स्वतःचे भांडे स्वतः घासावे लागते. तो तेथला रहिवासीही नसतो, कारण त्याच्या परतीचा दिवस ठरलेला असतो. घरचे जीवन आणि परदेशातले जीवन यांची तुलना करण्याची संधी जितकी त्याला मिळते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला मिळत असेल.

जर्मनीतील शैक्षणिक विनिमय संस्था 1925 साली हायडेलबर्ग येथे विद्यार्थ्यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. स्वतंत्र भारताने 1950 साली मौलाना आझाद यांच्या प्रेरणेने सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली आणि परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन येथे बोलाविण्याचे कार्य तिच्याकडे आले. युरोपातील देशांनी आपसात ‘इरॅस्मस’ नावाची योजना 1987 साली सुरू केली. 2023–24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे 49,000 भारतीय विद्यार्थी होते आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचाच गट सर्वांत मोठा होता. यातील बहुतेक पदवीसाठी गेलेले, विनिमयावर गेलेले थोडे. पण पहिल्या सहा महिन्यांचा अनुभव दोघांचा सारखाच. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरातील वा शेजारघरातील मूल आज अशा कोठल्या तरी गावी असेल.

असे एक गाव उदाहरणादाखल घेऊ. दक्षिण जर्मनीत स्टुटगार्टच्या दक्षिणेस, नेकार नदीच्या काठी ट्युबिंगेन नावाचे गाव आहे. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, आणि त्या मानाने विद्यार्थी पंचवीस हजारांहून अधिक. येथील विद्यापीठ काउंट एबरहार्ड याने 1477 साली स्थापिले. ज्योतिर्विद केप्लर येथेच शिकला. भारतीयाला हे गाव परके वाटण्याचे तसे कारण नाही. कारण एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फॉन रोट या पंडिताने येथे वेदविद्येचे अध्यापन केले आणि ओटो बोटलिंक याच्या सहकार्याने संस्कृतचा जो विशाल कोश 1855 ते 1875 या वीस वर्षांत सिद्ध केला, त्याचा उपयोग आपल्याकडील विद्वानांनीही पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

पुण्याहून, बडोद्याहून किंवा इंदुराहून गेलेला विद्यार्थी मात्र तेथे पोचतो तेव्हा कोशाचा विचार त्याच्या मनात नसतो. पहिला महिना रूपांतराचा असतो. युरोचे रुपये करावयाचे आणि दचकावयाचे. एका पेला कॉफीत घरी किती जणांचा चहा झाला असता, केस कापण्याच्या पैशांत महिन्याचे दूध कसे आले असते, असे हिशेब मनात अखंड चालू असतात. तुलनेचा हा पहिला आणि सर्वांत उथळ प्रकार. सुदैवाने तो लवकर संपतो, कारण सतत भागाकार-गुणाकार करीत कोणालाही जगता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, त्याच्या खोलीच्या दाराच्या मुठीला एक लहानशी पाटी अडकविलेली आढळते. तिच्यावर एकच शब्द असतो: ‘केरवोखे’. मराठी कानाला त्यात ‘केर’ ऐकू येतो. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग; पण या योगायोगाने अर्थ मात्र बरोबर सांगितला जातो. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ झाडण्याचा आठवडा, म्हणजे केराचा आठवडा, असाच आहे. श्वाबेन प्रांतातील ही खास चाल आहे. घरात जितकी बिऱ्हाडे, त्यांच्याकडे ही पाटी आळीपाळीने येते. जिच्या दारी पाटी, तिने त्या आठवड्यात सामाईक जिना झाडावयाचा, ओल्या फडक्याने पुसावयाचा, कठडा स्वच्छ करावयाचा. ही झाली लहान पाळी. मोठ्या पाळीत घरासमोरची पायवाटही येते आणि हिवाळ्यात तीवरचे बर्फ लोटण्याचे कामही पुष्कळदा बिऱ्हाडकरूंच्याच वाट्याला येते. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवावयाची. या चालीचे मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्टुटगार्टच्या नगरनियमांत होते, असे सांगतात. आणि तेव्हा राज्यावर होता तो विद्यापीठ स्थापणारा एबरहार्डच. आज ही चाल मुख्यतः भाडेकराराच्या रूपाने टिकून आहे. तिची थट्टाही त्या देशात भरपूर होते. पण पाटी फिरत राहते.

पाटी ही कोणाचीही विचारपूस करीत नाही. शेजारच्या खोलीत डॉक्टर असो, खालच्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश असो किंवा वर चित्रकलेची विद्यार्थिनी असो, ती सर्वांच्या दारी येते. आपला विद्यार्थी पहिल्या दिवशी ती पाहून हसतो, त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवितो. शनिवारी संध्याकाळी घरमालकीणबाई जिन्यावरून उतरताना कठड्यावर बोट फिरवितात, बोटाकडे पाहतात आणि काही न बोलता निघून जातात. मग हसणे थांबते. तो बादली शोधतो. केरसुणी कशी धरावयाची, जिना वरून खाली झाडावयाचा की खालून वर, फडके किती पिळावयाचे, हे प्रश्न बाविसाव्या वर्षी प्रथमच त्याच्यापुढे उभे राहतात. गणितात किंवा यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळविलेल्या या तरुणाच्या ध्यानात येते की, आपण ज्या घरात वाढलो त्या घराचा केर कधीही काढलेला नाही.

तेथे खरी तुलना सुरू होते. घरी केर निघत नव्हता असे नाही. तो रोज निघत होता, आणि बहुधा त्याला जाग येण्यापूर्वीच निघत होता. पहाटे आई उठे. नंतर कामाच्या मावशी येत. शाळेच्या दप्तरापासून इस्त्रीच्या कपड्यांपर्यंत सर्व वस्तू आपापल्या जागी आपोआप असत, अशी त्याची समजूत होती. परदेशाने त्याला नवे असे काही शिकविले नाही. घरी रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट मात्र दाखवून दिली. या ‘आपोआप’मागे कोणाचे तरी गुडघे व कोणाची तरी कंबर होती.

ही एका घरची कथा नव्हे. भारत सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या विनियोगाचे सर्वेक्षण केले. त्यात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे 81 टक्के स्त्रिया एखाद्या दिवशी घरातील बिनमोबदल्याची कामे करताना आढळल्या. पुरुषांपैकी सुमारे 26 टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे इतका वेळ जात होता, आणि पुरुषांचा 97 मिनिटे. जर्मनी यातून पूर्ण मुक्त आहे असेही समजू नये. तेथील 2022 च्या पाहणीत स्त्रिया पुरुषांपेक्षा आठवड्याला सुमारे नऊ तास अधिक असे काम करीत असल्याचे दिसले. भेद तेथेही आहे. जिन्यापुरता तरी तो पाटीने मिटविला आहे, इतकेच.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. झाडणे, धुणे, मैला उचलणे ही कामे आपण शतकानुशतके विशिष्ट जातींच्या माथी मारली आणि पुन्हा ती कामे करतात म्हणून त्यांना हीन लेखले. त्यामुळे केरसुणी हातात घेताना आपल्या विद्यार्थ्याला जो संकोच होतो, तो केवळ आळसाचा नसतो. ‘हे काम आपले नव्हे’ असे कोणीतरी फार पूर्वी त्याच्या कानात सांगून ठेवलेले असते. ट्युबिंगेनच्या जिन्यावर तो प्रथमच तो आवाज स्पष्ट ऐकतो, आणि त्याची त्याला लाज वाटते. या लाजेइतकी मौल्यवान वस्तू परदेशातून क्वचितच कोणी आणीत असेल.

विनिमयावर गेलेली मुलगी असेल तर केरसुणी तिला नवी नसते. तिच्या वाट्याला दुसरा साक्षात्कार येतो. ग्रंथालयातून रात्री उशिरा निघून शेवटच्या बसने एकटीने खोलीवर यावयाचे आणि त्याबद्दल कोणी प्रश्न विचारावयाचा नाही, ही तिच्या दृष्टीने मोठीच गोष्ट असते. पहिल्या आठवड्यात ती घरी दूरध्वनी करून पोचल्याचे कळविते. पुढे पुढे कळवावयाचे विसरते. हे विसरणे हीच तिच्या तुलनेतील मुख्य नोंद होय.

पाटीचा अर्थ कळला की विद्यार्थ्याला इतर गोष्टींचाही अर्थ कळू लागतो. बस किंवा आगगाडीच्या फलाटावर तिकीट तपासणारे फाटक नसते. तिकीट काढले असेल असे गृहीत धरले जाते, आणि विनातिकीट सापडल्यास साठ युरो दंड मुकाट्याने भरावा लागतो. कागद एका पेटीत, वेष्टणे दुसरीत, भाजीची देठे तिसरीत. काचेच्या बाटल्यांत पुन्हा पांढरी, तपकिरी व हिरवी असा भेद. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत. रात्री दहानंतर आवाज नाही. रविवारी दुकाने बंद. हा नियम 1919 च्या वायमार राज्यघटनेतला, तो 1949 च्या राज्यघटनेतही जसाच्या तसा कायम ठेवला गेला. शनिवारी भाजी आणावयाचे विसरलेला विद्यार्थी रविवारी ब्रेडचा कोरडा तुकडा चघळीत राज्यघटनेचे महत्त्व समजून घेतो. वक्तशीरपणाबद्दल ख्याती असलेल्या या देशात विद्यापीठातील व्याख्यान मात्र दहाचे म्हणून लिहिलेले असले तरी सव्वादहाला सुरू होते. या पंधरा मिनिटांना ‘विद्यापीठीय पाव तास’ असे भारदस्त नाव आहे. उशीरसुद्धा तेथे नियमाने होतो.

या सर्वांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसे एकत्र राहावयाची तर त्यांच्यामध्ये नियम असला पाहिजे, आणि तो सर्वांना सारखा लागू पाहिजे. आपल्याकडे हे काम नियमाऐवजी ओळख करते. खिडकीमागे ओळखीचा मनुष्य असला की अर्ज पुढे सरकतो. वाण्याशी ओळख असली की उधारी मिळते. ज्याची ओळख नाही त्याने काय करावयाचे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही; कारण विचारणारा बहुधा ओळख असलेलाच असतो. परक्या गावी आपला विद्यार्थी प्रथमच ओळख नसलेला मनुष्य होतो. नव्या घरी राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नाव नोंदवावे लागते. तो कागद घेऊन जातो, क्रमांक घेतो, बसतो. क्रमांक येतो, काम होते. कोणी विचारीत नाही की तू कोणाचा कोण. त्या क्षणी त्याला जे हलके वाटते, ते आपल्याकडील कितीतरी लोकांनी आयुष्यात एकदाही अनुभविलेले नसेल.

परंतु या हलकेपणाचीही किंमत असते आणि ती हिवाळ्यात मोजावी लागते. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. येथे तो जेमतेम सव्वाआठ तासांचा. रात्रीचे जेवण थंडच: पाव, चीज, काकडीच्या चकत्या. भोजनगृहात त्या प्रांताचा मसुरीचा पदार्थ दिसला म्हणजे आमटी भेटल्याचा आनंद होतो. मग बशीत शेवयांसारखे काही आणि वर मांसाची सुरळी येते. दिवाळी हा कामाचा दिवस असतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी रस्ते ओस पडतात. प्रत्येक खिडकीत दिवा असतो आणि प्रत्येक दार बंद असते. त्याच सुमारास ताप भरला तर औषध मिळते, विमा सक्तीचा असल्याने खर्चाचीही चिंता नसते. फक्त दार कोणी ठोठावीत नाही. घरी असता तर शेजारच्या काकू न विचारता आत आल्या असत्या, कपाळाला हात लावला असता, मऊ भाताचे भांडे ठेवून गेल्या असत्या, आणि तापाचे कारण तोंडावर सांगून गेल्या असत्या. तो ज्या लुडबुडीला कंटाळून घराबाहेर पडला होता, तिचे दुसरे नाव माया आहे, हे अशा रात्री कळते.

तेव्हा कोणता देश चांगला, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. तेथे उंबऱ्याबाहेरची व्यवस्था उत्तम; उंबऱ्याच्या आत एकटेपणा येण्याचा संभव. आपल्याकडे उंबऱ्याच्या आत जिव्हाळा. उंबऱ्याबाहेर ती जागा कोणाचीच नाही. दारापुढे सुरेख रांगोळी असते, देवघर लखलखीत असते. आणि त्याच मजल्यावरील जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांनी भिंत रंगलेली असते. घरचा केर काढून तो रस्त्यावर लोटला म्हणजे स्वच्छता झाली, असे मानणारे आपण लोक आहोत. आपल्या मायेला जिना उतरता आलेला नाही. आणि त्यांच्या नियमाला दार ठोठावता येत नाही.

विनिमय या शब्दात देणे आणि घेणे दोन्ही आहे. तेथून इकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार म्हणून महत्त्वाचा. 2021–22 च्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे भारतात 46,878 परदेशी विद्यार्थी होते, 170 देशांतून आलेले. त्यांत नेपाळचे सर्वांत अधिक. म्हणजे साऱ्या जगातून आपल्याकडे जितके येतात, त्यांहून अधिक आपले एका जर्मनीत जातात. जी थोडी जर्मन मुले पुण्यात किंवा चेन्नईत एखादे सत्र काढतात, त्यांचा पहिला महिना गोंगाटाने आणि रस्ता ओलांडण्याच्या भीतीने जातो. पुढे मात्र त्यांच्याही दारावर एक पाटी लागते, फक्त ती अदृश्य असते. ‘जेवलीस का?’ असे कोणीतरी रोज विचारते. प्रथम त्यांना हा खाजगी बाबतीतला हस्तक्षेप वाटतो. या प्रश्नाला उत्तर नको असते, जेवावयास बसावयाचे असते, हे समजण्यास त्यांना काही आठवडे लागतात. समजले म्हणजे मग त्याही आपल्या घराकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागतात.

परत आलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन मोह असतात. एक, येथील प्रत्येक गोष्टीला नाक मुरडण्याचा. दुसरा, आठ दिवसांत सर्व विसरून पूर्ववत होण्याचा. दोन्ही सोपे आहेत. तिसरा मार्ग कठीण आहे. पण तो दाखविणारी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढे सेनापती बापट म्हणून देशाने ओळखले, 1904 साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. विलायतेला जाऊन आलेला हा मनुष्य पुढे पारनेरात राहू लागला तेव्हा पहाटे उठून हातात झाडू घेई आणि गावचे रस्ते झाडी. गाडगे महाराजांनी तर कधी परदेश पाहिला नाही. पण दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. केरसुणीची प्रतिष्ठा कळण्यासाठी ट्युबिंगेनला गेलेच पाहिजे असे नाही, हे त्यांच्यावरून दिसते. मात्र ज्यांना घरी कळले नाही त्यांना तेथे कळले, तर तेही वाया गेले असे म्हणता येणार नाही.

आपला विद्यार्थी सहा महिन्यांनी घरी येतो. दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी तो केरसुणी घेऊन इमारतीच्या जिन्यावर जातो. आई धावत येते. ‘अरे, हे काय? मावशी येतील ना आता. आणि खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणतील?’ तो म्हणतो, ‘म्हणू दे. मावशी आपल्या घरात येतात, आई, जिना कोणाचा?’ या प्रश्नाला आईजवळ उत्तर नसते. शेजारचे एक गृहस्थ वर्तमानपत्र घेण्यासाठी दार उघडतात, क्षणभर पाहतात आणि दार लावून घेतात. पुढच्या आठवड्यात ते बाहेर येतील की नाही, हे सांगता येत नाही. पाटी एकाच दारावर राहिली तर तिला केराचा आठवडा म्हणत नाहीत; ती दुसऱ्या दारी गेली पाहिजे. तिने किती दारे ओलांडली, यावरच त्या सहा महिन्यांच्या देशाटनाचा हिशेब मांडावा लागेल.